दीड इंच माया

आजार मला, आणि टेप लावला तिनं घराला.
पहिल्या गुरुवारी लातूरच्या बसनं आली
शिवलीला हलकुडे, खांद्याला पिशवी.
माझ्याकडं धड बघितलंही नाही.
उंबरा मोजला. बाजेची उंची मोजली.
मोरीचं दार, मोरीतली पायरी.
मी म्हणलं, बाई, चाळीस वर्षं
उदगीरच्या चौबाऱ्यात मापं घेतली,
माणूस सोडून कपाटाचं माप घेणारं
पहिल्यांदाच बघलालोय.

ती म्हणाली, मास्तर,
अंगाला कापड बसवता, की कापडाला अंग?

मग बोललो नाही.

लकवा उजवीकडून गेला.
तोंड सरळ झालं, पाय फरफटत का होईना परत आला,
हात तेवढा
गिऱ्हाईक न्यायचं विसरलेल्या कापडासारखा
मांडीवर पडून.
पोरगा म्हणतो, हडपसरला या, लिफ्ट आहे.
आहे रे लिफ्ट. वर जाऊन करायचं काय?

डॉक्टर विचारायचे, काय होतंय.
सून विचारायची फोनवर, काय हवंय.
हिनं विचारलं, काय करायचंय तुम्हाला?
लई वेळ लागला. दोनच सुचलं:
आपल्या शर्टाची गुंडी आपण लावायची,
आणि नळाला पाणी आलं की आपलं आपण भरायचं.
आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो,
रात्री तीनला, कधी साडेतीनला.
शेजारच्या महानंदाबाई दोनदा भरून गेल्या.
तिसऱ्यांदा मी कडी लावून
झोपेचं सोंग घेतलं. दोन दिवस तहानेत काढले.

मस्तान सुतारानं उंबरा तासला.
हिनं, म्हणजे आमच्या मंडळींनी,
जिवंत होती तोवर रोज हळद-कुंकू वाहिलं त्यावर.
निघालेली ढलपी मी उशीखाली सारली.
शिवलीलानं बघितलं. पिशवीतून लाल पट्टी काढून
पायरीच्या कडेला चिकटवत बसली.

मोरीतली पहिली दांडी उलट्या बाजूला ठोकली गेली,
अजून तिथंच आहे, टॉवेल टाकतो.
चमच्याला सायकलची ट्यूब गुंडाळली.
पाटाला दोन खिळे, त्यात कांदा रोवायचा,
एका हातानं चिरायचा. कांदा आता पळत नाही.
डोळ्यांतलं पाणी तेवढं पहिल्यासारखंच.
रांजण गेला, स्टुलावर ड्रम आला, खाली तोटी.
घागर उचलायची नाही,
नळापासून ड्रमापर्यंत पाइप.
मी नजरेनं सांगितलं, अकरा फूट.
तिनं मोजलं. अकरा भरले.

गुंडीला महिना गेला.
तारेचा आकडा काजातून घालायचा, गुंडी ओढून घ्यायची.
हजारो काजं केलेला माणूस मी.
पहिल्या दिवशी आकडा फेकला, शिवी दिली.
तिनं शिवी ऐकली, आकडा उचलून आणला,
आणि सहाची बस जाऊ दिली.

शिंप्याच्या भाषेत सांगतो.
कापताना शिवणीच्या आत दीड इंच सोडायचं असतं.
वरून दिसत नाही,
पण अंग सुटलं, वाकलं, की उसवून घेता येतं.
त्याला माया म्हणतात.
गवंड्यानं ह्या घराला माया ठेवलीच नव्हती.
ही पोरगी कुठून कुठून काढत गेली, कोण जाणे.

परवा रात्री गल्लीत ओरड झाली, नळ आले, नळ आले!
दांडी. काठी. लाल पट्टी.
डाव्या हातानं पाइप तोटीवर चढवला,
दोनदा निसटला, लुंगी सगळी भिजली.
भिंतीपलीकडून महानंदाबाई,
मास्तर, कोण भरलालंय हो?
म्हणलं, कोण भरणार? मीच की.

ड्रम काठोकाठ आला, वाहायला लागला.
पाण्याची नासाडी, कळत होतं.
तरी जराशानं बंद केला.